हा काठ पाहण्याजोगा कोणी केला?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दुलूथ या बंदराच्या शहरातून निघून सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत जाणारा हायवे ६१ हा सुमारे २४० किलोमीटरांचा रस्ता त्या देशातल्या नावाजलेल्या रस्त्यांपैकी एक. मिनियापोलिसकडच्या मराठी घरांतही ‘नॉर्थ शोअर’ म्हटलं की हाच रस्ता, आणि सप्टेंबर सरता सरता पानं रंगायला लागली की तिकडे गाड्यांची रीघ लागते. त्याचं वर्णन ठरलेलं असतं : उजव्या हाताला क्षितिजापर्यंत पाणी, डाव्या हाताला बर्च आणि स्प्रूसचं रान, दर काही मैलांवर डोंगरावरून उड्या घेत येणारी एखादी नदी, आणि दुलूथपासून पंचाहत्तरेक किलोमीटरवर उभ्या कड्याच्या टोकाला स्प्लिट रॉकचं जुनं दीपगृह. या वर्णनात खोटं काही नाही. पण त्यावरून असा समज होतो की हे सगळं निसर्गाने मांडून ठेवलं होतं आणि माणसाने त्यातून फक्त डांबरी रस्ता नेला. मला हा समज अपुरा वाटतो. माझं म्हणणं असं की इथलं पाणी, कडे आणि धबधबे निसर्गाने दिले हे खरं. पण ते आज कुणाही येणाऱ्याला पाहता येतात, याचं कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लोकांनी सरकार, विधिमंडळ आणि न्यायालयं यांच्यामार्फत घेतलेले निर्णय आहेत. त्यातले काही निर्णय उदात्त होते, काही निव्वळ धंद्याच्या सोयीचे, काही फार उशिरा झालेले. पण ते झाले नसते तर हा रस्ता असता आणि त्यावरून पाहण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

आधी निसर्गाचं देणं मोजून घेऊ, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही. सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून जास्त. सर्वांत खोल जागी ते ४०६ मीटर खोल आहे, आणि जगातल्या न गोठलेल्या, भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे दहावा भाग एकट्या या सरोवरात आहे. काठाचा खडक मात्र सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ओळखीचा वाटतो, आणि तो नुसता भास नाही. इथलाही कातळ मुख्यतः बेसॉल्टचाच, लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला. फरक वयाचा. सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर इथला ११० कोटी वर्षांपूर्वीचा, उत्तर अमेरिकेचं खंड मधोमध फाटू लागलं आणि फाटता फाटता थांबलं त्या काळातला. लाव्हा थिजताना आत राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे खनिजं भरली. म्हणून दख्खनच्या कातळात सापडणारे अकीक आणि झिओलाइट गटातले थॉमसनाइटसारखे स्फटिक इथेही किनाऱ्यावरच्या गोट्यांत मिळतात. त्यावर दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाचा जाड थर होता. तो वितळला, सरोवराची पातळी खाली गेली, ओझं उतरल्यामुळे जमीन वर उचलली गेली, आणि मागच्या उंचवट्यावरून येणाऱ्या नद्यांना शेवटच्या काही किलोमीटरांत एकदम उतरावं लागलं. इथल्या धबधब्यांचं मूळ या उतारात आहे. सह्याद्रीतले धबधबे पावसाळ्यावर जगतात. हे मात्र एप्रिल-मे महिन्यांत, बर्फ वितळताना, भरात असतात आणि हिवाळ्यात जागच्या जागी गोठतात. मागच्या दलदलीतून येताना कुजलेल्या पानांचा अर्क मिसळल्यामुळे त्यांचं पाणी तांबूस दिसतं. ते गढूळ नसतं. ओंजळीत घेतलं तर आरपार दिसतं.

एवढं सगळं निसर्गाचं. पण या काठावर बाहेरून जी माणसं मोठ्या संख्येने आली, ती पाहायला आली नव्हती. दुलूथपासून त्रेचाळीसेक किलोमीटरवर असलेल्या टू हार्बर्स गावातून १८८४ साली लोहखनिजाची पहिली खेप जहाजाने रवाना झाली. मागच्या डोंगरांतल्या खाणींतून आगगाडीने खनिज किनाऱ्याला यायचं, उंच धक्क्यांवरून घसरत जहाजाच्या पोटात पडायचं आणि सरोवरांच्या साखळीतून खालच्या शहरांतल्या पोलादाच्या भट्ट्यांकडे जायचं. त्या काळी किनाऱ्याने धड रस्ता नव्हता. जायचं यायचं ते पाण्यावरून. तेव्हा कड्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या मनात कौतुक नसे, धास्ती असे. दीपगृहाचा उगम या धास्तीत आहे. २८ नोव्हेंबर १९०५ रोजी सुपीरियरवर जे वादळ झालं, त्यात सुमारे तीस जहाजं बुडाली किंवा मोडली. ‘मटाफा’ नावाची आगबोट दुलूथच्या कालव्याच्या तोंडाशी धक्क्यावर आपटून फुटली, आणि किनाऱ्यावर हजारो लोक शेकोट्या पेटवून उभे असताना तिच्यावरचे नऊ जण त्यांच्या डोळ्यांसमोर थंडीने मेले. त्याच वादळात स्प्लिट रॉकजवळच्या कड्यावर ‘मडीरा’ ही बार्ज आदळली. तिच्यावरच्या एका खलाशाने दोर घेऊन कड्यावर उडी घातली, तो वर चढला आणि त्या दोराने बाकीचे खलाशी वाचले; एकजण बुडाला. यू. एस. स्टील या पोलाद कंपनीच्या ताफ्याचं या वादळात मोठं नुकसान झालं होतं. जहाजवाल्यांनी वॉशिंग्टनकडे तगादा लावला. या पट्ट्यात खडकातल्या लोखंडामुळे होकायंत्रही भरवशाचं राहत नाही, ही तक्रार त्यांच्या हाताशी होतीच. १९०७ साली अमेरिकी काँग्रेसने दीपगृहासाठी ७५,००० डॉलर मंजूर केले आणि ३१ जुलै १९१० रोजी दिवा लागला.

या बांधकामाकडे जरा जवळून पाहिलं तर ‘रम्य’ हा शब्द किती उशिराचा आहे ते कळतं. कडा पाण्यापासून सुमारे चाळीस मीटर उंच. विटा, लोखंड, सिमेंट, माणसांचं खाणंपिणं, सगळं बोटीने कड्याच्या पायथ्याशी आणून वाफेच्या यारीने वर ओढायचं. वर अष्टकोनी विटांचा मनोरा, शेजारी धुक्यातल्या भोंग्याची इमारत, आणि तीन राखणदारांची तीन घरं. मनोऱ्याची उंची जेमतेम चौपन्न फूट, कारण उरलेली उंची कड्याने दिली होती. आत पॅरिसमध्ये घडवलेलं फ्रेनेल भिंग, शिंपल्याच्या दोन दळांसारखं एकमेकांना जोडलेलं. ते पाऱ्याच्या कुंडावर तरंगतं, म्हणून एवढं जड भिंग हलकेच फिरतं. फिरवायला मनोऱ्याच्या पोकळीतून खाली उतरणारी वजनं आणि घड्याळासारखं यंत्र; राखणदाराने रात्रभर दर दोन तासांनी ती वजनं चावी देऊन वर घ्यायची. भिंगाचा अर्धा फेरा झाला की एक झोत, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक. प्रकाश देणारी बत्ती रॉकेलची, पण वातीची नव्हे : दाबाखाली रॉकेलची वाफ करून ती जाळीदार मँटलवर पेटवायची, आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीतल्या पेट्रोमॅक्समध्ये पेटवत तशीच. १९४० साली विजेचा दिवा आला तेव्हा ही यातायात संपली. तिकडे गेल्यावर ते भिंग फिरताना अजून पाहता येतं, आणि डोळ्यांना ते सुंदरच दिसतं. पण त्याच्या प्रत्येक कंगोऱ्याचा कोन धातूची किंमत, माणसाची झोप आणि पस्तीस किलोमीटरवरच्या जहाजाची नजर यांच्या हिशेबाने ठरलेला आहे.

मग ही सोय प्रेक्षणीय कधी झाली? किनाऱ्याचा मोटाररस्ता १९२०च्या दशकाच्या मध्यावर दीपगृहाजवळून गेला, तेव्हा. त्याआधी इथे येणारा माणूस बोटीने आणि कामासाठी यायचा. त्यानंतर लोक मोटारीने आणि हौसेने येऊ लागले. दहा-पंधरा वर्षांत हे देशातल्या सर्वाधिक वर्दळीच्या दीपगृहांपैकी एक झालं, आणि राखणदारांना दिव्याच्या जोडीला पाहुण्यांचीही राखण करावी लागली. जहाजांवर रेडिओ आणि रडार आले, दिव्याचं काम उतरलं आणि १९६९ साली तटरक्षक दलाने तो विझवला. इथे माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा आहे. निकामी झालेली सरकारी मालमत्ता पडून राहते, नाहीतर विकली जाते. एवढ्या उंचीवरच्या, पाण्याकडे तोंड असलेल्या जागेला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नसता. ही जागा मिनेसोटा राज्याने घेतली, आणि १९७६ पासून मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ती सांभाळते, साधारण १९२०च्या दशकातल्या रूपात. २०११ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दिवा कामाला होता ५९ वर्षं. तो विझून त्याच्या जवळपास काळ लोटला आहे, आणि या दुसऱ्या आयुष्याचा खर्च देणगीदार, तिकीट काढणारे आणि करदाते उचलत आले आहेत. बोटवाल्यांच्या नफ्यासाठी सार्वजनिक पैशाने उभारलेली वस्तू सार्वजनिक पैशानेच सगळ्यांची झाली.

दीपगृह माणसाने बांधलं, त्यामुळे त्याचं श्रेय माणसाला जाणं ओघानेच आलं. पण धबधब्यांचं काय, ते तर अकरा दशकं नव्हे, हजारो वर्षांचे आहेत, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर गूजबेरी धबधब्यापाशी मिळतं. टू हार्बर्स सोडल्यावर वीसेक किलोमीटरवर गूजबेरी नदी लाव्हाच्या थरांवरून तीन टप्प्यांत उतरते, आणि महामार्गाचा पूल थेट तिच्या अंगावरून जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नदीच्या खोऱ्यातली व्हाइट पाइनची झाडं लाकूड कंपनीने तोडून नेली; उरलंसुरलं वणव्यांनी नेलं. धबधबा तेव्हाही कोसळत होताच, पण तो ओसाड माळरानावरचा, खासगी मालकीतला धबधबा होता. रस्ता झाल्यावर जमिनीचे भाव चढतील आणि लोकांची पाण्याजवळ जायची वाट बंद होईल, हे काहींच्या वेळीच लक्षात आलं. १९३३ साली विधिमंडळाने इथली सहाशेहून अधिक एकर जमीन विकत घ्यायला मान्यता दिली. ते साल महामंदीचं. १९३४ पासून १९४१ पर्यंत सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या छावण्या इथे होत्या : बेकार घरांतली तरुण पोरं, महिन्याला तीस डॉलर मजुरी, त्यातले पंचवीस घरी पाठवायचे. त्यांनी झाडं लावली, पायवाटा काढल्या आणि आसपासच्या खाणींतला लाल, निळा, काळा दगड घडवून इमारती आणि रस्त्याकडेची भलीमोठी धारभिंत बांधली. त्या भिंतीजवळ उभं राहिलं की दगडांच्या सांध्यांत हातकाम दिसतं. दोन दगड एका मापाचे नाहीत आणि चुन्याची रेघ मात्र सगळीकडे सारखी. आज गूजबेरीचं स्वागतकेंद्र हे महामार्गाचं विश्रांतिस्थानही आहे, म्हणून तिथे गाडी लावायला आणि धबधब्यापर्यंत चालत जायला पैसे पडत नाहीत. पुलाखालून पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट काढली आहे. धबधबा निसर्गाचा; पण तिथवरची फुकट वाट विधिमंडळाच्या ठरावाची आणि त्या पोरांच्या मजुरीची आहे.

यावर एक वजनदार आक्षेप असा की हे सगळं योगायोगाने वाचलं. या काठावर शेती पिकत नाही, मोठी नैसर्गिक बंदरं थोडी, आणि ज्यांनी इथे झटपट श्रीमंत व्हायचं ठरवलं त्यांना निसर्गानेच हात दाखवले. उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. १९०२ साली टू हार्बर्समध्ये काही मंडळींनी एकत्र येऊन, किनाऱ्यावर कुरुंदाचा साठा सापडला आहे अशा समजुतीने, खाण कंपनी काढली. तो कुरुंद नव्हता. तो ॲनॉर्थोसाइट निघाला, घासकामाला निरुपयोगी. कंपनी खाण सोडून सँडपेपर करायला लागली आणि पुढे थ्री-एम या नावाने जगभर गेली. काठ मात्र खणला जायचा वाचला. योगायोगाचा आणखी एक पदर असा की स्प्लिट रॉकचं दीपगृह ज्या टणक कड्यावर उभं आहे तो याच ॲनॉर्थोसाइटचा आहे. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. १९२० पर्यंत या काठाला नशिबानेच तारलं. पण मोटाररस्ता आल्यावर नशिबाची मुदत संपली, कारण तेव्हापासून जमिनीखालच्या खनिजाइतकाच वरचा देखावाही विकाऊ झाला. रस्त्यावरून जाताना याची खूण सारखी दिसते. जिथे सार्वजनिक जमीन आहे तिथे गाडीतून पाणी दिसतं आणि उतरून पाण्याला हात लावता येतो. जिथे नाही तिथे झाडांच्या रांगेमागे बंगले, रिसॉर्ट आणि खासगी मालमत्तेच्या पाट्या. सरोवर असतं, पण आपलं नसतं. हा फरक भूगर्भशास्त्राने ठरवलेला नाही. क्लॅरेन्स मॅग्नी हे दुलूथचे महापौर आणि पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. या काठावरची उद्यानं आणि थांबे सरकारने वेळीच घ्यावेत म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले. ज्यांना स्वतःची इस्टेट घेणं परवडत नाही त्यांची इस्टेट म्हणजे राज्याची उद्यानं, अशी त्यांची धारणा होती. या काठावरच्या एका उद्यानाला आज त्यांचं नाव आहे.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे, आणि तो सिल्व्हर बेला पोहोचल्यावर आपसूक मनात येतो. स्प्लिट रॉकनंतर बारा-तेरा किलोमीटरवर हे गाव लागतं. प्रवासवर्णनं इथे सहसा थांबत नाहीत, कारण रस्त्याच्या एका अंगाला टॅकोनाइटचा प्रचंड कारखाना आहे. चांगल्या प्रतीचं खनिज संपत आल्यावर कमी लोखंडाचा टॅकोनाइट खडक दळून, चुंबकाने लोखंड वेगळं काढून त्याच्या गोळ्या करण्याचं तंत्र मिनेसोटा विद्यापीठात विकसित झालं, आणि १९५५च्या सुमारास रिझर्व्ह मायनिंग कंपनीने इथे ते मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. उरलेला दगडाचा चुरा थेट सरोवरात सोडला जाई. दिवसाला सुमारे ६७,००० टन. त्याला राज्याचाच परवाना होता. १९७३ साली दुलूथच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू सापडल्याचं जाहीर झालं. म्हणजे ज्या सरकारने गूजबेरी वाचवलं, त्यानेच अर्ध्या तासाच्या अंतरावर सरोवराची कचरापेटी होऊ दिली. मग सार्वजनिक निर्णयांचं एवढं कौतुक कशाला? कौतुक करू नका, एवढंच मी म्हणेन. पण निर्णयाचं वजन ओळखा. परवाना देणं हाही सार्वजनिक निर्णयच होता, आणि तो मोडला तोही तसल्याच प्रक्रियेने. संघराज्य सरकारने १९७२ साली खटला भरला. २० एप्रिल १९७४ रोजी न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा हुकूम दिला. वरच्या न्यायालयाने दोनच दिवसांत त्याला स्थगिती दिली, पण सरोवरात चुरा टाकणं कायम चालणार नाही हे नक्की झालं, आणि १९८० साली तो जमिनीवरच्या साठ्यात टाकायला सुरुवात झाली. खटल्यामुळे कारखाना बंद पडला नाही. पुढे मालकाचं दिवाळं निघालं आणि तो काही वर्षं थांबला, पण मालक बदलले आणि गोळ्या पुन्हा निघू लागल्या. सुपीरियरमध्ये आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९१ वर्षं लागतात. एवढ्या संथ पाण्याच्या बाबतीत ‘निसर्ग आपोआप सावरतो’ हे आश्वासन कुठल्याही पिढीच्या उपयोगाचं नाही. थांबवावं लागतं, आणि थांबवणारं कोणीतरी लागतं.

सिल्व्हर बे आणि स्प्लिट रॉक यांना जोडणारा आणखी एक धागा आहे. ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे मालवाहू जहाज बहुतेक फेऱ्यांत सिल्व्हर बेलाच टॅकोनाइट भरत असे. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी ते सरोवराच्या पश्चिम टोकावरच्या सुपीरियर बंदरातून सुमारे २६,००० टन गोळ्या घेऊन निघालं आणि दुसऱ्या संध्याकाळी पूर्व टोकाकडे वादळात बुडालं. जहाजावरचे एकोणतीसच्या एकोणतीस जण गेले. १९८५ पासून दरवर्षी १० नोव्हेंबरला स्प्लिट रॉकवर त्या एकोणतीस जणांची नावं घंटेच्या ठोक्यांबरोबर वाचली जातात आणि मग विझवलेला दिवा पुन्हा लावला जातो. या दिव्याने त्या जहाजाला वाचवलं नसतं. ते बुडालं तिथून हा कडा शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि दिवा तर सहा वर्षं आधीच बंद झाला होता. तरीही लोक थंडीत तिथे उभे राहतात. हा विधी देखाव्याचा नाही, कामाचा आहे. दीपगृह ज्या धंद्यासाठी बांधलं तो धंदा अजून चालू आहे आणि माणसं घेतो, याची आठवण वर्षातून एक दिवस ती वास्तू स्वतःच करून देते. उरलेले दिवस आपण ते कॅलेंडरवरचं चित्र म्हणून पाहतो.

इथे कोणी वैतागून विचारील की सुट्टीला आलेल्या माणसाने हे खटले, ठराव आणि टनांचे आकडे डोक्यात घेऊन धबधबा पाहायचा का? माहितीच्या ओझ्याखाली आनंद मरतो, असा हा आक्षेप. मॅग्नी यांच्या नावाच्या उद्यानातला ‘डेव्हिल्स केटल’ हा धबधबा त्याला उत्तर देतो. तिथे ब्रूल नदी एका खडकामुळे दोन धारांत फुटते. एक धार नेहमीसारखी खाली पडते, दुसरी एका रांजणासारख्या खड्ड्यात शिरते आणि दिसेनाशी होते. ती सरोवराच्या तळाशी निघते, कुठल्या तरी भुयारातून जाते, अशा कथा कित्येक वर्षं चालल्या. मग राज्याच्या जलतज्ज्ञांनी साधा हिशेब केला. धबधब्याच्या वर आणि खाली नदीचा प्रवाह मोजला. वर सेकंदाला १२३ घनफूट, खाली १२१. म्हणजे पाणी कुठेही जात नाही, खालच्या पात्रातच परत येतं. २०१७ साली हे जाहीर झाल्यावर गूढ संपलं, पण पायऱ्या उतरून तो खड्डा पाहायला येणारे थांबले नाहीत. उलट आता त्या धारेकडे पाहताना एक नवा प्रश्न सुचतो : एवढं पाणी इतक्या कठीण खडकातून खाली कसं वाट काढत असेल? कळल्याने जे नाहीसं होतं ते कोडं असतं. पाण्याचा वेग आणि खडकाची घडण जागच्या जागी राहते. दीपगृहाचंही तेच. ७५,००० डॉलरचा ठराव माहीत झाला म्हणून त्या कड्याची उंची कमी होत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप, ज्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकेन असा दावा करणार नाही. मी ‘सार्वजनिक’ हा शब्द इतका वेळ वापरतो आहे, पण हा काठ सार्वजनिक होण्याआधी कोणाचा होता? इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा. ते या सरोवराला गिचिगामी म्हणतात. १८५४ च्या ला पॉइंट कराराने त्यांच्याकडून हा किनारा घेतला गेला. बदल्यात राखीव वसाहती मिळाल्या आणि दिलेल्या प्रदेशात शिकारीचे, मासेमारीचे हक्क राहिले. पुढचे सगळे सुंदर ठराव या घेतलेल्या जमिनीवर झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रस्त्याच्या शेवटी, सरहद्दीजवळच्या ग्रँड पोर्टेजला, माझं म्हणणं मोडत नाही, फक्त दुरुस्त होतं. तिथे पिजन नदीवर सुमारे १२० फुटांचा हाय फॉल्स आहे, एक काठ अमेरिकेत आणि दुसरा कॅनडात. हा धबधबा चुकवून जुन्या फर व्यापाऱ्यांचा माल पाठीवर वाहून नेण्याची साडेआठ मैलांची वाट होती, आणि ती व्यापाऱ्यांच्याही आधीपासून इथल्या लोकांच्या पायाखालची होती. धबधब्याभोवतीचं राज्य उद्यान मिनेसोटातलं एकमेव असं आहे की ज्याची जमीन राज्याच्या मालकीची नाही. ती ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे समाजाची आहे आणि राज्याने ती भाड्याने घेतली आहे. शेजारचं राष्ट्रीय स्मारकही त्याच समाजाने दिलेल्या जमिनीवर १९५८ साली उभं राहिलं. जमीन सगळ्यांसाठी खुली ठेवायची तर ती सरकारच्याच नावावर असली पाहिजे, हा माझाही समज इथे टिकत नाही. खुलं ठेवण्याचा निर्णय महत्त्वाचा. तो घेणारा एकच असतो असं नाही.

या सगळ्याकडे मी एवढ्या तपशिलात पाहतो, कारण निर्णयांची ही मालिका संपलेली नाही. सुपीरियरला मिळणाऱ्या सेंट लुइस नदीच्या खोऱ्यात, जुन्या लोहखाणींच्या पट्ट्यात, तांबं आणि निकेल काढण्याचा नॉर्थमेट हा प्रकल्प बरीच वर्षं वादात आहे. त्याच्या बाजूचा युक्तिवाद फुसका नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हेच धातू लागतात, आणि खाणींवर जगलेल्या गावांना काम हवं आहे. जून २०२३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने या प्रकल्पाचा पाणथळ जमिनीबाबतचा परवाना रद्द केला, आणि त्यामागे नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या फाँड डु लॅकच्या ओजिब्वे समाजाने ठरवलेले पाण्याच्या शुद्धतेचे निकष होते. १९४७ साली सिल्व्हर बेच्या कारखान्याला परवाना देताना असे निकष मांडणारं कोणी नव्हतं, आणि त्याची किंमत दुलूथच्या नळांना मोजावी लागली. म्हणून या रस्त्याने जाणाऱ्याला माझी सूचना अशी : गूजबेरीला फुकट थांबा, स्प्लिट रॉकला तिकीट काढून मनोऱ्यात चढा, पण सिल्व्हर बेला खिडकीच्या काचा वर करून पुढे निघू नका. तिथल्या उंचवट्यावरून कारखाना आणि सरोवर एकाच वेळी दिसतात. हायवे ६१ वरचं सर्वांत खरं दृश्य ते आहे, कारण आपण वापरत असलेलं पोलाद आणि आपण पाहायला आलेलं पाणी यांच्यातला सौदा तिथे उघड्यावर मांडलेला आहे, आणि त्याच्या अटी दर पिढीला नव्याने ठरवाव्या लागतात.